नवव्या शिळेचं डोकं: पॅरिसच्या लिलावातून ग्वाटेमालाला परत

१८ सप्टेंबर २०१९ रोजी पॅरिसच्या द्रुओ लिलावभवनात मिलाँ या लिलावघराने एका फ्रेंच दांपत्याचा खासगी संग्रह विक्रीला काढला. कॅटलॉगमध्ये १२० लॉट होते, कोलंबस अमेरिकेत पोचण्याआधीच्या संस्कृतींमधले: मूर्ती, भांडी, दगडी मुखवटे, कोरीव तुकडे. त्यात चुनखडीच्या दगडाचा एक तुकडा होता. मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया संस्कृतीतल्या, शिकारी पक्ष्याचा मुखवटा चढवलेल्या एका राजाचं डोकं.

लिलावाआधीच ग्वाटेमाला सरकारने हरकत घेतली. हा तुकडा आमच्या देशातल्या पिएद्रास नेग्रास या प्राचीन नगरातल्या नवव्या क्रमांकाच्या शिळेचा आहे, १९६०च्या दशकात तो तिथून चोरीला गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. तेवढा एक तुकडा विक्रीतून बाजूला काढला गेला. उरलेल्या वस्तूंचा लिलाव ठरल्याप्रमाणे झाला. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, पॅरिसमध्येच युनेस्कोच्या मुख्यालयात तो तुकडा ग्वाटेमालाच्या स्वाधीन करण्यात आला.

बातमी म्हणून एवढंच. मला या प्रकरणात खिळवून ठेवतो तो वेगळा प्रश्न. त्याच सभागृहात, त्याच दिवशी, त्याच संग्रहातल्या इतर वस्तूंवरही आक्षेप होता. मग हे एकच डोकं का वाचलं? त्याचं उत्तर न्यायालयात सापडत नाही, कारण प्रकरण न्यायालयात गेलंच नाही. उत्तर शोधायला १२० वर्षं मागे जावं लागतं.

शिळा कुठे उभी होती

पिएद्रास नेग्रास म्हणजे काळे दगड. उसुमासिंता नदीच्या ग्वाटेमालाकडच्या काठावर, पेतेन प्रांतात, हे नगर आहे. पलीकडचा काठ मेक्सिकोच्या चियापास राज्याचा. नदीच्या वरच्या अंगाला याश्चिलान, या राजघराण्याचा जुना वैरी. आजही जंगल इतकं दाट आहे की इथे येणारे बहुतेक लोक होडीनेच येतात.

तेओबर्ट मालर १८९५ मध्ये आणि पुन्हा १८९९ मध्ये इथे आला. मेक्सिकोचा सम्राट मॅक्सिमिलियन याच्या फौजेतून तिथे आलेला हा माणूस पुढे आयुष्याचा बराचसा काळ तिथेच राहिला आणि जंगलातली माया नगरं कॅमेऱ्यात पकडत फिरला. मोठ्या आकाराच्या काचेच्या निगेटिव्ह, जड कॅमेरा, रसायनं, हे सगळं होडीतून आणि माणसांच्या पाठीवरून न्यायचं. शिळेवरचं शेवाळ काढायचं, उजेड नीट तिरपा पडेपर्यंत थांबायचं, मग फोटो. पिएद्रास नेग्रासमधल्या शिळांना क्रमांक त्यानेच दिले. हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयाने त्याचं हे काम १९०१ मध्ये छापलं. नववी शिळा त्यात आहे.

'शिळा' म्हणजे काय हे थोडं सांगायला हवं. इंग्रजी-स्पॅनिश लिखाणात तिला स्टेला म्हणतात: जमिनीत रोवलेला, माणसाहून उंच, समोरून राजाची आकृती आणि बाजूंना लेख कोरलेला एकसंध दगड. आपल्याकडचा वीरगळ डोळ्यांसमोर आणला तर थोडीशी कल्पना येते. दगड, प्रसंग आणि जागा यांचं नातं दोन्हीकडे सारखंच घट्ट असतं. वीरगळ गावाच्या वेशीवरून उचलून दिवाणखान्यात ठेवला की तो कुणाचा, कुठल्या लढाईचा हे सांगणारं कुणी उरत नाही.

माया शिळांच्या बाबतीत जागेला किती अर्थ असतो, हे ज्या बाईंनी दाखवून दिलं त्यांनी ते याच नगराच्या आधारे दाखवलं. तातियाना प्रोस्कुरियाकॉफ. सैबेरियातल्या तोम्स्कमध्ये १९०९ साली जन्म, लहानपणीच अमेरिकेत स्थलांतर, शिक्षण वास्तुशास्त्राचं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९३०च्या दशकात पिएद्रास नेग्रासचं उत्खनन केलं, तेव्हा त्या तिथे इमारतींची रेखाटनं करायला होत्या. त्या काळात दिग्गजांचं मत असं होतं की माया लेखांत फक्त काळगणना आणि देवदेवता आहेत, राजे आणि लढाया नाहीत. प्रोस्कुरियाकॉफ यांनी १९६० मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि ते मत कोसळलं.

त्यांची युक्ती ऐकायला साधी वाटते. पिएद्रास नेग्रासच्या शिळा इमारतींसमोर गटागटाने उभ्या आहेत. प्रत्येक गट त्यांनी स्वतंत्र घेतला. गटातल्या सर्वांत जुन्या शिळेवर एकच प्रकारचं चित्र दिसतं: उंच कोनाड्यात बसलेला माणूस, खाली शिडी, आणि तिच्यावर चढून गेलेल्या पावलांच्या खुणा. त्यापुढच्या शिळा साधारण दर पाच वर्षांनी, म्हणजे १८०० दिवसांचा एक टप्पा पुरा झाला की उभ्या केलेल्या. आणि कुठल्याही गटातल्या पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंतचं अंतर एका माणसाच्या आयुष्याहून जास्त नाही. म्हणजे कोनाड्यातली शिळा राज्यारोहणाची. म्हणजे एक गट, एक राजा. जन्माचं चिन्ह कोणतं आणि गादीवर बसण्याचं कोणतं हेही त्यातून सुटलं. गादीवर बसण्याच्या चिन्हात डोक्याला गाल बांधल्यासारखी पट्टी आहे, म्हणून अभ्यासक त्याला गमतीने 'दातदुखी'चं चिन्ह म्हणत असत.

नवव्या शिळेची जागा या मांडणीत नेमकी आहे. J-3 या नावाने नोंदलेल्या इमारतीसमोरच्या गटातली ती शिळा. हा गट ज्याचा, त्या राजाला अभ्यासक 'चौथा शासक' म्हणतात. तो इसवी सन ७२९ मध्ये गादीवर आला. त्याच्या गटात कोनाड्याची शिळा अकरावी, साल ७३१. पुढची नववी, ७३६. मग दहावी, ७४१. (क्रमांक मालरचे आहेत, कालक्रमाचे नव्हेत, त्यामुळे ते असे उलटसुलट दिसतात.) तर पॅरिसमध्ये लॉट म्हणून मांडलेलं ते डोकं एका वाक्यातला मधला शब्द होतं. ७३१ आणि ७४१ यांच्या मधला.

प्रोस्कुरियाकॉफ यांचा निबंध आला १९६० मध्ये. त्याच दशकात त्या शिळा फुटायला लागल्या. त्यांनी वाचलेलं वाक्य त्यांच्याच हयातीत तुकड्यातुकड्यांनी विकलं जात होतं, हे मला फार जड जातं. त्या १९८५ मध्ये वारल्या. त्यांच्या अस्थी १९९८ मध्ये पिएद्रास नेग्रासला नेऊन तिथल्या J-23 या इमारतीत ठेवण्यात आल्या.

दगड कसा निघतो

शिळेचं वजन टनांत असतं. जंगलातून ती अख्खी काढणं अवघड, म्हणून चोर फक्त चेहरा काढतात. यंत्राच्या करवतीने समोरचा कोरीव थर पाटासारखा कापून घ्यायचा, मागचा गाभा तिथेच टाकून द्यायचा. करवत नसेल तर छिन्नी. तेही जमलं नाही तर दगडाखाली जाळ करून वर गार पाणी ओतायचं, म्हणजे तो तडकतो. कापलेला थरही पुन्हा लहान तुकड्यांत विभागला जातो, कारण खेचरावर, होडीत, पेटीत मावायला हवा. तुकडे पाडताना निवड होते. डोकी, मुखवटे, हात यांना गिऱ्हाईक असतं. बाजूच्या लेखाला कमी, आणि लेखात तर तारीख असते. बाजाराला जे हवं असतं आणि इतिहासाला जे हवं असतं, ते एकाच दगडावर शेजारी शेजारी असूनही करवत त्यांच्या मधून जाते.

पेतेनमध्ये हे काम करणाऱ्यांना 'उएचेरो' म्हणतात. हा शब्द खवल्या कवचाच्या आर्माडिलो या प्राण्याच्या माया नावावरून आला आहे, कारण तोही जमीन उकरतो. यांतले बरेच लोक च्युइंग गमसाठी झाडाचा चीक गोळा करणारे मजूर होते. जंगल त्यांना पायाखालचं होतं, आणि चिकाची मागणी घटली तेव्हा हाताशी दुसरं काही नव्हतं. त्यांच्याबद्दल लिहिताना माझा हात थोडा अडखळतो. त्यांनी केलं ते नुकसान भरून न येणारं आहे. पण पॅरिसमध्ये हातोडा पडतो तेव्हा जी रक्कम जाहीर होते, तिच्याशी उएचेरोच्या मजुरीचा काही संबंध नसतो. मधले दलाल, सीमेपलीकडचा व्यापारी, तुटलं-फुटलं जोडून रंग भरणारा कारागीर, वस्तू अस्सल आहे असं सांगणारा जाणकार, लिलावघर, अशी ही साखळी आहे आणि पैसा वरच्या टोकाला साचतो.

या धंद्यात माणसंही मेली. ब्रिटिश संशोधक इयन ग्रॅहम माया शिळांची चित्रं आणि छायाचित्रं पद्धतशीर गोळा करत होता. १९७१ मध्ये पेतेनमधल्या ला नाया या जागी तो पोचला तेव्हा चोर तिथेच होते. त्यांनी गोळ्या झाडल्या आणि ग्रॅहमच्या सोबतचा वाटाड्या पेद्रो सिएरा ठार झाला. माया शिळा दिवाणखान्यात लावणाऱ्या कुणाला हे नाव माहीत असेल असं वाटत नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवतो.

ग्रॅहमच्याच कामातून या व्यापारावरचा पहिला मोठा घाव बसला. माचाकिला नावाचं नगर त्याने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला नोंदवलं होतं, तिथल्या दुसऱ्या शिळेसकट. पुढे तीच शिळा तुकडे होऊन बेलीझमार्गे मायामीला पोचली आणि अमेरिकेत गिऱ्हाईक शोधत फिरू लागली. जागेवर काढलेली नोंद हाताशी असल्याने ती ओळखता आली. कॅलिफोर्नियातल्या विक्रेत्यावर चोरीच्या मालाच्या वाहतुकीचा खटला चालला, १९७३ मध्ये तो दोषी ठरला, १९७४ मध्ये अपील फेटाळलं गेलं. ग्वाटेमालाच्या कायद्यानुसार ही शिळा सरकारची, म्हणून परवानगीशिवाय बाहेर आलेली शिळा चोरीची, हे अमेरिकी न्यायालयाने तिथे मान्य केलं. त्याच सुमारास, १९७२ मध्ये, अमेरिकेने कोलंबसपूर्व स्मारकशिल्पांच्या आयातीवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा केला. त्यामागे पुरातत्त्वज्ञ क्लेमन्सी कॉगिन्स यांचा १९६९चा लेख होता. कोणत्या नगरातून कोणती शिळा गायब झाली आणि ती आता कुठल्या संग्रहात दिसते, याची त्यांनी जाहीर यादीच मांडली होती.

अमेरिकेत दार असं थोडं लोटलं गेलं. युरोपात ते बराच काळ उघडं राहिलं.

कागदावरची मालकी

आता पॅरिसकडे. इथे कायद्याची जी गाठ आहे ती नीट पाहायला हवी, कारण बहुतेक बातम्या तिच्यावरून उडी मारून गेल्या.

ग्वाटेमालाच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न सरळ आहे. १९४७च्या कायद्याने तिथले पुरावशेष राष्ट्राच्या अखत्यारीत आले आणि ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेण्यावर बंदी आली. नववी शिळा फुटली १९६०च्या दशकात. म्हणजे ती कापणं, नेणं, विकणं हे सगळं त्या दिवशीही गुन्हाच होतं.

फ्रान्सच्या बाजूने चित्र पालटतं. फ्रेंच दिवाणी संहितेचं २२७६ वं कलम सांगतं की चल वस्तूच्या बाबतीत ताबा हाच मालकीहक्क. वस्तू चोरीची असेल तर मूळ मालकाला ती मागता येते, पण तीन वर्षांच्या आत. जंगलात, गृहयुद्ध सुरू असताना, शिळा नक्की केव्हा फुटली हेच कळायला वर्षं लागतात, आणि तिचा तुकडा पॅरिसमधल्या एका घरात आहे हे कळायला अर्धशतक. तीन वर्षांची मुदत तिथे कुणाच्या उपयोगाची?

तिसरी चौकट आंतरराष्ट्रीय. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७०चा. मेक्सिकोने तो १९७२ मध्ये स्वीकारला, भारताने १९७७ मध्ये, ग्वाटेमालाने १९८५ मध्ये, फ्रान्सने १९९७ मध्ये. करार मागच्या काळाला लागू होत नाही. त्यामुळे व्यापारात एक सोयीची समजूत रुजली: वस्तू १९७०पूर्वी देशाबाहेर पडलेली असेल तर ती स्वच्छ. कॅटलॉगमध्ये 'जुना युरोपीय संग्रह', 'साठच्या दशकात खरेदी' अशा ओळी येतात त्या याच कारणाने, आणि त्या ओळीमुळे किंमत वाढते.

या समजुतीत एक मोठी फट आहे. १९७० ही करारावर सही होण्याची तारीख आहे, चोरी हा गुन्हा ठरण्याची नव्हे. ग्वाटेमालाचा कायदा त्याच्या २३ वर्षं आधीचा. शिवाय माया शिळांची सर्वांत भयंकर तोडफोड झाली तीच मुळी साठच्या दशकात. म्हणजे ज्या वर्षांचा उल्लेख कॅटलॉगमध्ये निर्दोषपणाची खूण म्हणून केला जातो, ती माया शिळांच्या बाबतीत उलट अधिक संशयाची वर्षं आहेत. 'साठच्या दशकात खरेदी' हे वाचून माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच की साठच्या दशकात हे विकायला काढलं कुणी?

घेणाऱ्या कुटुंबाला हे माहीत होतं असं मी म्हणत नाही. त्या काळात पॅरिसमध्ये या वस्तू उघडपणे विकल्या जात, आणि आवडीने घेणाऱ्या बहुतेकांना करवतीची गोष्ट कुणी सांगितलेली नसे. पुढे त्यांनी जे केलं ते पाहता हे नोंदवायलाच हवं.

लिलाव आणि नंतरची दोन वर्षं

सप्टेंबर २०१९ मध्ये हरकत घेणारा ग्वाटेमाला एकटा नव्हता. मेक्सिकोचं म्हणणं होतं की १२० पैकी ९५ वस्तू मेक्सिकोच्या भूमीतल्या संस्कृतींच्या आहेत. मेक्सिकोच्या राजदूतांनी लिलाव थांबवण्याची मागणी जाहीरपणे केली. लिलावघराचं उत्तर होतं की संग्रह कायदेशीर आहे आणि विक्री होणार.

विक्री झाली. एकूण सुमारे १२ लाख युरो जमले, अंदाजाच्या दुपटीहून अधिक. अॅझ्टेक देवी कोआत्लिक्वे हिची म्हणून मांडलेली एक मूर्ती ३ लाख ७७ हजार युरोंना गेली. निषेधामुळे खरेदीदार बिचकले नाहीत. हे पॅरिसमध्ये आधीही घडलं होतं. मार्च २०१३ मध्ये बार्बिए-म्युलर संग्रहाचा लिलाव मेक्सिको, ग्वाटेमाला, कोस्टा रिका आणि पेरू यांच्या हरकती डावलून झाला होता. फरक इतकाच की तेव्हा जवळपास निम्मा माल विकला गेला नव्हता.

नवव्या शिळेचा तुकडा मात्र बाजूला काढलेला होता. त्याच्या बाबतीत ग्वाटेमालाकडे निषेधपत्राहून भक्कम काहीतरी होतं: मालरने जागेवर घेतलेलं छायाचित्र, छापील क्रमांक, कोणत्या इमारतीसमोर शिळा उभी होती याची नोंद. तुकड्याचा चेहरा आणि फोटोतला चेहरा शेजारी ठेवता येत होते. 'ही माया शैलीची वस्तू आहे, म्हणून आमची' या दाव्यावर वाद घालता येतो. मायांची भूमी आज पाच देशांत विभागलेली आहे: मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ, होंडुरास, एल साल्वादोर. एखादं भांडं नेमकं कुठल्या देशाच्या मातीतून निघालं, असं वकील विचारू शकतो. पण 'हा चेहरा या ठिकाणच्या या दगडाचा' यावर विचारण्यासारखं काही उरत नाही.

एवढं असूनही फ्रेंच कायद्याने तुकडा परत देणं त्या दांपत्यातल्या बाईंना, म्हणजे मालकिणीला, भाग पाडलं असतं असं मला वाटत नाही. म्हणून ग्वाटेमालाने खटल्याऐवजी बोलणी निवडली आणि युनेस्को मध्यस्थ राहिली. दोन वर्षं लागली. शेवटी मालकिणीने तो तुकडा स्वेच्छेने दिला, आणि २५ ऑक्टोबर २०२१ रोजी युनेस्कोच्या इमारतीत हस्तांतर झालं. युनेस्कोने या मार्गाचं कौतुक केलं: राज्यसंस्था, आंतरराष्ट्रीय संस्था आणि खासगी संग्राहक यांनी मिळून काढलेला तोडगा म्हणून.

कौतुक योग्यच आहे. कायदा आपल्या बाजूने असताना एखादी मौल्यवान वस्तू सोडून देणं सोपं नसतं, आणि त्या बाईंनी ते केलं. मला खटकतं ते कौतुक करताना गाळलेलं. हा मार्ग सगळ्यांसाठी खुला असल्यासारखं बोललं गेलं. तो खुला होण्यासाठी जी एक गोष्ट लागते ती माया वस्तूंपैकी फार थोड्यांकडे असते.

ज्यांचा फोटो नाही

थडग्यातून निघालेल्या रंगीत भांड्याचा विचार करा. ते हजारभर वर्षं मातीखाली होतं. मालर, ग्रॅहम, प्रोस्कुरियाकॉफ, कुणीही ते पाहिलेलं नाही, पाहणं शक्यच नव्हतं. त्याला पहिल्यांदा पाहणारा माणूस म्हणजे चोर. त्याची पहिली नोंद म्हणजे विक्रीची पावती, तीही असली तर. अशा भांड्याबद्दल ग्वाटेमालाच्या वकिलातीने पत्र पाठवलं तर लिलावघर विचारतं: कुठल्या थडग्यातून? कधी? याचं उत्तर देऊ शकेल असा एकच माणूस असतो आणि तो पुढे येणार नाही. पुरावा नसणं ही चोरीचीच देणगी, आणि तिचा फायदा वस्तू हाती असलेल्याला मिळतो.

काही वेळा विज्ञान मदतीला येतं. 'कोडेक्स शैली'ची म्हणून ओळखली जाणारी भांडी, फिक्या पार्श्वभूमीवर बारीक काळ्या रेषांनी काढलेली, १९७०च्या दशकात बाजारात अचानक भरमसाट दिसू लागली. त्यांच्या मातीचं रासायनिक विश्लेषण आणि नाकबे भागात उत्खननात मिळालेली खापरं यांची तुलना करून ती उत्तर पेतेनमधल्या त्या टापूत घडली, हे दाखवता आलं. प्रदेश कळला. थडगं कळलं नाही, त्यात पुरलेला माणूस कळला नाही, भांड्यात काय होतं, शेजारी काय होतं, काहीच नाही.

इथे अभ्यासकांचीही एक अवघड बाजू आहे. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रोलिए क्लबमध्ये माया संस्कृतीचे अभ्यासक मायकेल को यांनी माया भांड्यांचं प्रदर्शन भरवलं. त्यातली कितीतरी भांडी खासगी संग्रहांतली होती, त्यांच्या उत्खननाचा पत्ता नव्हता. पण भांड्यांच्या काठावर पुन्हा पुन्हा येणारा एक ठरावीक लेखक्रम को यांना तिथेच दिसला, आणि त्यातून पुढे माया लिपी उलगडण्याला मोठी मदत झाली. ज्ञान मिळालं हे नाकारता येत नाही. तज्ज्ञाने अभ्यासलेल्या आणि छापलेल्या भांड्याची किंमत वाढते हेही नाकारता येत नाही. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा यावर पुरातत्त्वज्ञांत अजून भांडण आहे. माझा कल जागेवर नोंद करणाऱ्यांकडे आहे. कुणी म्हणेल हा कल आज सोयीचा आहे, कारण लिपी आता वाचता येते. तो आक्षेप मला मान्य आहे आणि तरीही मी कल बदलत नाही.

फोटोचं वजन किती असतं हे आपल्याकडेही दिसलं आहे. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने तमिळनाडूतल्या देवळांतल्या मूर्तींची छायाचित्रं दशकानुदशके घेऊन ठेवली. श्रीपुरंतानच्या देवळातून गेलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात आहे, हे दाखवताना ती छायाचित्रं कामी आली आणि २०१४ मध्ये मूर्ती भारतात परतली. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पारावर, देवळामागे, शेताच्या बांधावर किती वीरगळ आणि सतीशिळा पडलेल्या आहेत ते आपण सगळेच पाहतो. त्यांतल्या कितींचा जागेवरचा, तारखेसह घेतलेला फोटो कुठल्या संस्थेच्या दप्तरात आहे?

मालरच्या छायाचित्रांबद्दल एक गोष्ट राहिली. ती पुस्तकात छापली गेली, म्हणून ती चोरांच्या आणि दलालांच्याही हाती पडू शकत होती. कुठल्या नगरात कोणती शिळा आहे, ती किती देखणी आहे, हे त्यांनाही तिथे आयतं दिसत होतं. नोंद केल्याने दगड वाचतोच असं नाही. नववी शिळा वाचली नाही. ती फुटली, आणि परत आलं ते फक्त डोकं. पण नोंद नसती तर ते डोकंही 'माया, उत्तर अभिजात काळ, चुनखडी, खासगी संग्रह' एवढ्या ओळीखाली कुणाच्या तरी भिंतीवर गेलं असतं.

युनेस्कोमधल्या हस्तांतरानंतर आठ दिवसांनी, २ नोव्हेंबर २०२१ रोजी, पॅरिसमध्ये आर्टक्युरियाल या लिलावघराने कोलंबसपूर्व वस्तूंचा लिलाव केला. १० नोव्हेंबरला क्रिस्टीज या दुसऱ्या लिलावघराने केला. लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांच्या राजदूतांनी मिळून निषेध नोंदवला, ग्वाटेमालाही त्यांत होता. क्रिस्टीजच्या विक्रीत एक माया 'आचा' होता, चेंडूच्या खेळाशी संबंधित कोरीव दगड. तो जवळजवळ सात लाख युरोंना गेला.